साक्षीदार बाईला दिलेला शब्द

तो शनिवार माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. दुपारचे चार वाजत आले होते. मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. ठाणं कुठलं, वस्ती कुठली आणि माणसं कोण, हे लिहीत नाही. त्यातले बरेच जण हयात आहेत आणि त्यांना भोगायचं तेवढं भोगून झालं आहे.

मुद्देमालाच्या खोलीत रजिस्टर तपासत उभा असताना ठाणे अंमलदाराने हाक मारली.

"साहेब, कंट्रोलचा फोन आहे. सिस्टरच्या दवाखान्यावर दगडफेक चालू आहे."

सिस्टर कोण, हे मला विचारावं लागलं नाही. शहराच्या कडेला एक मिश्र वस्ती होती. मुसलमान घरं जास्त, एका अंगाला ख्रिस्ती घरं. तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत एक वयस्कर मिशनरी जोडपं राहायचं. नवरा पूर्वी शाळेत शिकवायचा म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको शिकलेली नर्स, तिला सिस्टर म्हणत. पुढच्या खोलीत आठवडाभर दवाखाना चालायचा आणि रविवारी त्याच खोलीत प्रार्थना व्हायची. मास्तर धर्मप्रचारक होते, हे मी झाकून ठेवणार नाही. ते पुस्तिका वाटत, घरोघर जाऊन येशूबद्दल बोलत. काहींना ते खटकायचं. तोंडी तक्रारी माझ्याकडेही आल्या होत्या. पण कुणावर जबरदस्ती केली, कुणाला आमिष दाखवलं, असं एकानेही लिहून दिलं नव्हतं.

वस्तीतल्या एका मुसलमान घरातल्या मुलीला फिट्स यायच्या. बापच तिला सिस्टरकडे घेऊन आला. औषध नियमित सुरू झालं, फिट्स थांबल्या. एकदा मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं. 'आपल्या मुलींना बाटवतात' असं लिहून ती क्लिप फिरली. मशिदीत विचारणा झाली तेव्हा बाप घाबरला आणि 'मला काही माहीत नव्हतं' म्हणाला. त्यानंतर दोन दिवसांनी दगडफेक झाली.

आम्ही पोचलो तेव्हा जमाव पांगला होता. मास्तर दवाखान्याच्या पायरीपाशी पडले होते. शेजारी रस्त्याचं काम चालू असल्यामुळे सिमेंटच्या ब्लॉकचा ढीग होता, त्यातला एक रक्ताने भरलेला बाजूला पडला होता. मास्तरांचा श्वास चालू होता. सिस्टर घरात नव्हती. मागच्या दाराने ती जखमी होऊन बाहेर पडली होती आणि पाऊण तासाने मागच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून बसलेली सापडली. तिच्या डोक्याला पट्टी बांधलेली होती.

सोमवारी सकाळी मास्तर गेले. भारतीय दंड संहितेचं खुनाचं कलम लागलं.

अंत्यविधीला माणसं खूप आली. परत जाताना त्यातल्या काही तरुणांनी सायकलवर पाव विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमानाला अडवून मारलं. त्याचा हात मोडला. तो त्या वस्तीतला नव्हताच. रोज फक्त तिथून जायचा. तो गुन्हाही मी नोंदवला आणि चौघांना अटक केली. तेव्हा ख्रिस्ती मंडळी ठाण्यात येऊन मला म्हणाली, "साहेब, खून आमच्या माणसाचा आणि पोरंही आमचीच आत?" दुसऱ्या दिवशी शांतता समितीच्या बैठकीत मुसलमान मंडळी म्हणाली, "आमच्या पोरांना उगाच उचलू नका." तो पाववाला म्हातारा आणि मास्तर, यांची नावं त्या बैठकीत दोन्ही बाजूंनी फारशी घेतली नाहीत.

तपासात तर काहीच हाताला लागेना. भर दुपारी, भर वस्तीत माणूस मारला गेला होता आणि पाहिलेलं कुणीच नव्हतं. कुणी लग्नाला गेला होता, कुणी झोपला होता, कुणी बाथरूममध्ये होता. कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा बंद पडलेला होता. मोबाईलवर घेतलेलं सगळं पुसून झालं होतं. सिस्टरने मास्तरांवर वार होताना पाहिलं नव्हतं. मी रुग्णालयात तिचा जबाब घेतला तेव्हा विचारलं, "तुम्हाला मदत कुणी केली? पट्टी कुणी बांधली?"

"चक्कर आली होती. काही आठवत नाही," ती म्हणाली.

हे सांगताना ती माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं असंच करतात.

चौथ्या दिवशी मशिदीचे एक वृद्ध विश्वस्त ठाण्यात आले. दगडफेकीच्या दिवशी जमावाला अडवायला गेलेले ते एकटेच होते. त्यांना ढकलून पाडलं होतं. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब, माझ्या तोंडून नाव निघणार नाही. मला तिथेच राहायचंय," ते म्हणाले. "पण सिस्टरच्या डोक्याला पट्टी कुणी बांधली, एवढं बघा."

पट्टी आम्ही जप्त करून ठेवली होती. आमच्या बीटचा हवालदार सायखेड्याकडचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने पाकीट उघडून ते हिरवं कापड उजेडात धरलं.

"साहेब, हे ओढणीचं नाय. अस्तर हाय, ब्लाउजचं. आमच्या घरी बायको शिवती, म्हणून सांगतो. अन ही निळी रेघ बघा, खडूची. कपडा बेतायला मारत्यात."

मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या तीन बायका होत्या. तिसरीच्या मशीनशेजारी त्याच हिरव्या रंगाच्या अस्तराचा तागा होता.

ही बाई चाळिशीची, विधवा. दिराच्या घरात खालची एक खोली तिला दिलेली होती. माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत होते, शिक्षण मराठी शाळेत झालेलं. दिराकडच्यांशी ती हिंदीत बोलायची, माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलली.

"मी काही पाहिलं नाही साहेब. बाई पडली होती, आत घेतलं. एवढंच."

घर कोपऱ्यावरचं होतं. दार मागच्या गल्लीत, पण तिच्या खोलीची खिडकी दवाखान्याच्या पायरीच्या बाजूला उघडत होती. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. पायरीवरचा धुतलेला डागसुद्धा तिथून दिसत होता.   तिने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी बोलले तर मला या घरात राहता येणार नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मारणारा घरातलाच आहे.

मी तिला म्हणालो, "ताई, तुमचं नाव कुठेही येणार नाही. हा माझा शब्द."

शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराने मान खाली घातली. त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. साक्षीदाराचं नाव दोषारोपपत्रात येतं, त्याची नक्कल आरोपीला मिळते आणि साक्ष भर कोर्टात होते. हे माझ्या हातात नव्हतं. तरी मी शब्द दिला. असा शब्द मी त्याआधीही अनेकांना दिला होता. तपास करणारे बरेच जण देतात. त्याला आम्ही 'माणूस मोकळा करणं' म्हणायचो.

तिने सांगितलं. ब्लॉक उचलणारा तिच्या दिराचा मुलगा होता. बावीस वर्षांचा, एका गॅरेजमध्ये कामाला. लहानपणी तिच्याच मांडीवर जेवलेला. दोन दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तिने तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

तो जबाब झाला त्याच दिवशी मुलाला गॅरेजमधून उचललं. पहिले दोन दिवस तो 'मी तिथे नव्हतोच' एवढंच म्हणत राहिला. मी त्याला हात लावला नाही. सकाळी बोलावायचो, समोर बसवायचो, घरचं विचारायचो. घरात आजारी कोण, औषध कोण आणतं, असं विचारता विचारता त्याने सांगितलं की आजीच्या साखरेच्या गोळ्या सिस्टरकडूनच यायच्या आणि त्या आणायला तोच जायचा.

"म्हणजे मास्तर तुला ओळखत होते," मी म्हणालो.

तो रडायला लागला. बराच वेळ रडला.

"मी मारायला गेलो नव्हतो साहेब. सगळे फेकत होते, मीपण फेकला. तो खाली पडला. पडल्यावर त्याने माझं नाव घेतलं. नुसतं नाव. मग मी ब्लॉक उचलून परत मारला."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी बरेच कबुलीजबाब ऐकले. हा एक मात्र विसरता आला नाही. नाव घेतलं म्हणून मारलं. ओळखीचा माणूस आपल्याला बघतोय, ही लाज त्याला सहन झाली नाही.

पंचांसमक्ष त्याने गॅरेजच्या माळ्यावरून रक्ताचा शर्ट काढून दिला. पण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. सगळी केस उभी होती ती त्या बाईच्या डोळ्यांवर.

दोषारोपपत्र दाखल झालं, नक्कल आरोपीच्या वकिलाकडे गेली आणि तिथून तिच्या दिराच्या घरी. मी तिला आधी जाऊन सांगायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. एका सकाळी तीच ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितलं, "ती शिलाईवाली बाई आलीय. तुम्हालाच भेटायचं म्हणते."

"साहेब मीटिंगला गेलेत म्हणून सांग," मी म्हणालो.

दोन तास ती बाहेर बाकावर बसली. मग उठून गेली. मी त्या दोन तासांत आत बसून फायली बघितल्या. कुठल्या फायली, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

मला वाटलं होतं ती आता कोर्टात फिरणार. साक्षीदार फुटतात आणि तिच्याकडे तर फुटायला कारण होतं. पण ती फिरली नाही. उलटतपासणीत वकिलाने तिला विचारलं, "ख्रिस्ती लोकांनी तुम्हाला काय दिलं?" ती म्हणाली, "सिस्टरने माझ्या जावेचं बाळंतपण केलं होतं. त्याचंही काही घेतलं नाही." तिची ती जाऊ, म्हणजे आरोपीची आई, कोर्टात मागच्या बाकावर बसलेली होती.

मुलाला जन्मठेप झाली. दगडफेकीतले बाकीचे आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. निकालाच्या दिवशी वरिष्ठांनी माझं अभिनंदन केलं. त्याच संध्याकाळी दिराच्या घरच्यांनी तिचं शिलाई मशीन गल्लीत आणून ठेवलं. कपड्यांची बोचकी त्याच्यावर. ख्रिस्ती घरांच्या बाजूला तिने खोली विचारली. मास्तरांसाठी रडलेल्या त्या लोकांनीही दिली नाही. "उगाच पुन्हा भांडण नको," असं त्यांनी सांगितलं. हे मला हवालदाराने कळवलं. मी म्हणालो, बघतो. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली आणि मी काही बघितलं नाही.

निवृत्तीनंतर रिकामपण आलं तेव्हा ती बाई रोज आठवायला लागली. ती मनमाडला भावाकडे असते, हे त्याच हवालदाराने सांगितलं. एका सकाळी मी गाडीने गेलो. भावाच्या घराला लागून पत्र्याची खोली, तिथे ती मशीनवर बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखलं. पाणी दिलं.

सिस्टरचा विषय निघाला. ती आता आपल्या बहिणीकडे राहते, वर्षातून एक-दोनदा मनमाडला येऊन जाते.

"काय बोलता तुम्ही दोघी?" मी विचारलं.

"काही नाही. मी तिचे ब्लाउज शिवते, ती माझं बीपी बघते. त्या दिवसाचं आम्ही बोलत नाही. तुरुंगात त्याला भेटायला मात्र सिस्टर दोनदा गेली. एकदा तो भेटला, एकदा नाही भेटला."

मी जे बोलायला गेलो होतो ते शेवटी बोललो. म्हणालो, "ताई, मी तुम्हाला शब्द दिला होता. तो खोटा होता. देतानाच मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "कोर्टात नावाशिवाय काय चालतं साहेब? तुमच्या शब्दावर नाही सांगितलं मी. पाहिलं होतं म्हणून सांगितलं."

मला जरा हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "त्याचं काही नाही. पण त्या दिवशी तुम्ही आत होतात. दाराच्या पडद्याखालून तुमचे बूट दिसत होते. मी भांडायला नव्हते आले. साक्षीला एकटीने जायचं होतं, कुणीतरी 'जा' म्हणावं, एवढंच वाटत होतं."

  एका गिऱ्हाइकाचा कुर्ता संध्याकाळी द्यायचा होता, ती कामाला लागली. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

लोक मला विचारतात, या प्रकरणातून धर्माबद्दल काय शिकलात. धर्माबद्दल सांगण्याएवढं मला कळत नाही. मारणारा ज्या धर्माचा होता, त्याच धर्माच्या बाईने खरं सांगितलं आणि ज्यांच्या माणसासाठी सांगितलं त्यांनी तिला खोली दिली नाही, एवढं मी पाहिलं. मी शिकलो ते माझ्या खात्याच्या कामापुरतं आहे. आम्ही आरोपीवर लक्ष ठेवतो आणि साक्षीदाराला पंचनाम्याच्या कागदासारखं फायलीला लावून टाकतो.

कधीमधी नव्या उपनिरीक्षकांशी बोलायला मला बोलावतात. मी त्यांना सांगतो, साक्षीदाराला खरं काय ते आधी सांगा. नाव येईल, कदाचित घर सुटेल, हे सांगा आणि मग विचारा. ती व्यक्ती ठाण्यात आली तर उठून बाहेर या.

गेल्या खेपेला एका मुलीने हात वर केला. नुकतीच खात्यात आलेली होती. "सर, हे सगळं आधी सांगितलं तर साक्ष देईल कोण?"

मी म्हणालो, फार थोडे देतील.

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी तिला पुढचं सांगितलं नाही. मला माहीत असलेल्या एका बाईने तरीही साक्ष दिली असती.