तिथीची पाऊणपट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी माझ्या भरती-ओहोटीच्या पाठाची आठवण काढली, टाळ्या पडल्या, आणि मी — मी हात जोडून हसले. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या. पण सुरुवातीपासून सांगते.

साल चौऱ्याऐंशी. मी कांदिवलीला राहायचे आणि मालाडच्या एका मराठी शाळेत नुकतीच लागले होते. शिकले मराठी, गळ्यात पडला सातवीचा वर्ग आणि भूगोल. दोन वर्षं नीट गेली तर कायम, नाहीतर नारळ. नव्या बाईच्या डोक्यावर पोरं मिऱ्या वाटतात असं सगळ्यांनी माझ्या मनात भरवलेलं, म्हणून मी कडक वागायचे. उशिरा आलेल्याला अर्धा तास दाराबाहेर. शाळा साडेबाराची.

वर्गात हिरा होती. मनोरीच्या कोळ्यांची पोर. होडीने खाडी ओलांडून मार्व्याला उतरायची, पुढे बसने यायची. एरवी वेळेवर, पण पंधरवड्यातून तीन दिवस हमखास उशिरा — पोटऱ्यांना वाळलेला चिखल घेऊन. विचारलं तर म्हणायची, पाणी नव्हतं. मी म्हणायचे, समुद्राला पाणी नव्हतं? वर्ग हसायचा. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते.

मग मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, माझा पाठ बघायला आल्या. वही घेऊन मागच्या बाकावर बसल्या. पाठ भरती-ओहोटीचा. बारा तासांनी भरती येते, म्हणून रोज त्याच वेळी येते, असं मी फळ्यावर ठसठशीत लिहिलं. हिरा उठली.

“बाई, रोज त्या टायमाला नाय येत. रोज पाऊण तास पुढं सरते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आमचे बाबा तसंच काढतात.”

मी काय करायला हवं होतं? खडू तिच्या हातात द्यायला हवा होता ना? मी म्हटलं, उशिराला आता नवीन कारण शोधलंस का? आणि तिला बाहेर उभं केलं. पाठ संपेपर्यंत. मोठ्या बाईंनी शेरा दिला — वर्गावर उत्तम ताबा.

घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि हजेरीच्या वहीतले तिचे उशिराचे दिवस लावून पाहिले. सप्तमी, अष्टमी, नवमी. पुन्हा सप्तमी, अष्टमी, नवमी. अष्टमीची पाऊणपट सहा — सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. नेमकी शाळेला निघायच्या वेळी खाडी सुकलेली. एकदाही ती खोटं बोलली नव्हती. मला घाम फुटला. पण तिची कीव आली म्हणून नाही हो — मोठ्या बाईंना कळलं तर, या भीतीने.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुढचा पाठ काढला. ती माझ्याकडे बघत होती. मी फळा पुसत राहिले.

आठवड्याने तिचे वडील आले. मोठ्या बाईंपुढे टोपी हातात घेऊन उभे राहिले.

“त्या तीन दिवसांत होडी चिखलात रुतते, बाई. तेवढं सांभाळून घ्या. पोरीला शिकायचंय.”

मोठ्या बाईंनी मला विचारलं, खरं आहे का? एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर फळ्यावरची चूक निघाली असती, तिला केलेली शिक्षाही चुकीची ठरली असती. मी म्हणाले, “नाही बाई. वाटेल तेव्हा उशिरा येते, कारणं सांगते.” वेळेवर येणार असेल तर ठेवा, नाहीतर दाखला न्या, असं वडिलांना सांगण्यात आलं.

पुढच्या वर्षी मी कायम झाले. तोच पाठ मी तिथी आणि कॅलेंडर घेऊन शिकवला. घाटकोपरच्या प्रशिक्षण वर्गात तो करून दाखवला तेव्हा वाहवा झाली. हे कुठून सुचलं, असं विचारलं तेव्हा मी म्हणाले — आजोळ कोकणातलं ना, आजोबांकडून. माझं आजोळ साताऱ्याचं. ही थाप मी तीस वर्षं मारली.

वडिलांच्या त्या भेटीनंतर दाखला न्यायला हिरा स्वतः आली होती, त्यांच्याबरोबर. बाराच्या आधीच हजर, पाय कोरडे. पौर्णिमा होती, खाडी भरलेली, होडी थेट धक्क्याला लागली असणार. दाखला वर्गशिक्षिकेने भरायचा असतो. शाळा सोडण्याचं कारण, हा रकाना आला. मी ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं, चांगल्या अक्षरात, आणि खाली सही केली. हिरा टेबलापाशी उभी राहून ते वाचत होती.