फाटक हलकं, खोकं मोठं

माझ्या नातवाच्या सुरक्षेचा प्रश्न मी चिवड्याने सोडवला.

झालं असं, की नागपूरला आमच्या मनूचं बाळ रांगायला लागलं आणि रांगत थेट जिन्याकडेच निघायला लागलं. मनू दिवसभर पायरीवर पहारा देत बसायची. "बाबा, मला आंघोळीलासुद्धा जाता येत नाही हो!" हे ऐकून माझ्यातला आजोबा पेटून उठला. अंबडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून मी जिन्याच्या मापाचं लोखंडी फाटक करून घेतलं, खोक्यात बांधलं आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात नेलं.

"काका, माल हलका, खोकं मोठं," बुकिंगवाला म्हणाला. "आकाराचा दर लागेल."

"अहो, लोखंड आहे! वजनाचा दर लावा!"

"लोखंड थोडं, हवाच जास्त आहे. ट्रकमध्ये हवापण जागा अडवते ना?"

मी आयुष्यभर कारखान्यात मापं तपासली. (दुसऱ्यांनी काढलेली. स्वतः काढलेली कधी जुळली नाहीत.) आणि माझ्याकडून हवेचं भाडं! खोकं उचललं आणि तावातावाने घरी आलो.

आमची ही म्हणाली, "मग रिकामं पाठवायचंच कशाला? लेकीकडे कधी रिकामं भांडं पाठवलंय आपण?" बघता बघता खोक्यात चिवड्याचा डबा गेला, कुरडया गेल्या, मनुका गेल्या, बाळाची दुपटी गेली. शेजारच्या काकूंना सुगावा लागला, त्या लोणच्याची बरणी घेऊन हजर!

खोकं पुन्हा गोदामाच्या काट्यावर चढलं.

"काका, आता वजनाचा दर लागेल."

"सकाळी आकाराचा म्हणालात!"

"आकारावरून एक वजन धरतो आम्ही. ते आणि खरं वजन, दोन्हींत जे जास्त, त्याचं भाडं."

"आणि दोन्ही सारखी आली तर?"

तो हसला. "आजवर कुणाची आली नाहीत, काका."

बस्स! आता माघार नाही. हवेचं जादा भाडं देणार नाही आणि कुरडयांचंही देणार नाही! आकाराचं वजन चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि घरी येऊन खोकं पार रिकामं केलं. ज्या काट्यावर ही मला रोज उभं करते, त्यावर खोकं ठेवलं. बरणी आत, कुरडया बाहेर. कुरडया आत, मनुका बाहेर.

"अहो, जेवून तरी घ्या!"

"बोलू नकोस, काटा हलतोय!"

शेवटी एक दुपटं काढलं आणि जमलं! बुकिंगवाल्याने दोनदा मोजलं, मग उठून माझ्याशी हात मिळवला. त्या दिवशी मी गल्लीतून छाती काढून चाललो.

खोकं पोचलं, मनूचा फोन आला.

"बाबा, चिवडा मस्त झालाय. फाटक मागून येतंय का?"

मी दारामागे पाहिलं. फाटक भिंतीला टेकून उभं होतं.

"पण खोकं जिन्यात बरोबर बसलंय हं," मनू म्हणाली. "डबा-बरणी आतच ठेवलीय, म्हणून हलत नाही. फक्त बाळ पुठ्ठा कुरतडतंय. लवकर काहीतरी करा."

त्याच संध्याकाळी मी फाटक बगलेत मारून एसटीत चढलो. कंडक्टरने फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काका, याचं लगेज वजनावर लावू की आकारावर?"

मी हात जोडले. "तुम्ही म्हणाल तसं लावा, मास्तर. फक्त नागपूरला माझ्याबरोबर फाटकही उतरतंय ना, तेवढं बघा!"