भोंग्याच्या बदली थाळी

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत शहापूरजवळच्या आमच्या गावाला विमानहल्ल्याचा इशारा द्यायचा एक भोंगा मिळाला, हातानं फिरवायचा. तो ठेवला कुठं, तर शेजारी राहणाऱ्या मोठ्या जावेच्या माडीवर, कारण तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, गावचे पोलीस पाटील. जाऊ रोज त्याच्यावरून फडकं फिरवायची. मी एकदा जवळ गेले तर म्हणाली, "हात नको लावू, सरकारी हाये." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मुलगा तिलाच, माडी तिलाच, आता भोंगाही तिलाच!

देशभर एकाच वेळी भोंगे वाजवून बघायचं ठरलं होतं. भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात दडायचं. सकाळी दहाला रेडिओनं सांगितलं, भासऱ्यांनी दांडा फिरवला, आणि वरून रोज पुसलेला तो भोंगा नुसता खरखरला. आत उंदरांनी धानाची तणस कोंबली होती. मी पदर तोंडात धरून हसू दाबलं.

तेवढ्यात जावेनं काशाची थाळी घेतली आणि बडवायला लागली. आमच्याकडे थाळी वाजते ती मुलगा झाला की. त्यामुळे गाव दडायचं सोडून धावत आलं, आणि आलं ते माझ्या दारात, कारण मला नववा महिना लागला होता. "पोट्टा झाला काय वो?" बाया विचारत होत्या. आधीच्या दोन्ही मुलींच्या वेळी यातली एकही डोकावली नव्हती.

आठ दिवसांनी मला तिसरी मुलगी झाली. तोवर जावेचा भोंगा दुरुस्त होऊन झकास वाजायला लागला होता. थाळी मात्र कोणी फळीवरून काढली नाही.