यादोकाकांचा बिनठिपक्यांचा किडा

सानगडीच्या बाजाररस्त्यावर आमच्या भिंतीला लागूनच यादोकाकांचा फोटो स्टुडिओ आहे. भात्याचा मोठा कॅमेरा, त्यावर काळं कापड आणि कापडाच्या आतून येणारा आवाज : "हासू नोका, पन हासल्यासारखं करा!" हा आवाज मला इतका साधलाय, की मी अंगणातून तो काढला की त्यांची बायको, पार्वताकाकू, नवऱ्यानंच हाक मारली समजून घरातून "आली वो!" म्हणून ओ देतात. मग मला शिव्या.

काकांचं नाव मात्र झालं ते पेन्सिलीमुळे. निगेटिव्ह खिडकीशी उजेडात धरायची आणि टोकदार पेन्सिलीनं एकेक डाग भरत बसायचं. देवीचे व्रण, पुटकुळ्या, म्हशीच्या शिंगाची खूण, सगळं गायब. वर गालाला थोडी चमक. या पेन्सिलीनं तालुक्यात किती सोयरिकी जुळवल्या, त्याचा हिशेब नाही. "देवानं घाईत केलं, ते मी सावकाश पुरं करतो," काका म्हणतात.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर विमलाबाई आल्या. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, त्यांची वांग्यांची वाडी आहे, घर चालतं ते तिच्यावरच. हातात उपडी वाटी, वाटीखाली वांग्याचं पान, पानावर तांबूस पाठीचा गोल किडा.

"यादोभाऊ, याचा फोटो काढून द्या."

"याचा?"

"वाडी भरली हो यानं. ग्रामसेवक म्हणते, यायच्यात दोन जाती. एक पान खाते, एक मावा खाऊन झाड वाचवते. नागपूरच्या कॉलेजातल्या सायबाले इचारल्याबिगर मारू नोका, म्हणते. आगपेटीत घालून धाडला, तर टपालात त्याचा भुगा झाला. साहेब म्हणे, आता फोटोच धाडा."

काकांनी भाता पुरता ताणला, कापडात शिरले आणि सवयीनं म्हणाले, "मान जराशीक वर." किड्यानं पाय पोटाशी घेतले आणि गप्प पडून राहिला.

"अवो, असं गिऱ्हाईक जलमात नाही पायलं! हालतच नाही!"

"मेला असन," पार्वताकाकू दारातून म्हणाल्या.

फोटो नागपूरला गेला. दहाव्या दिवशी उत्तर आलं, ते घेऊन विमलाबाई स्टुडिओत आल्या. त्यांना वाचता येत नाही. काकांनी चष्मा लावला आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा आवाज लावला :

"आपल्या छायाचित्रातील ढालकिड्याच्या पाठीवर एकही ठिपका नाही. पाठ गुळगुळीत व चकचकीत आहे. पान शाबूत आहे. तरी हा मित्रकीटक समजावा, मारू नये. मात्र वांग्यावर एवढा मोठा बिनठिपक्यांचा ढालकिडा आमच्या पाहण्यात नाही. दुर्मिळ वाटतो. आणखी एक छायाचित्र पाठवावे."

शेवटची दोन वाक्यं काका स्वतःच्याच आवाजात वाचत होते, तीही चाचरत.

"मंजे मारू नाही," विमलाबाई म्हणाल्या. "बरं झालं बाप्पा. पानं चाळणी होऊन राहिली, मले वाटे हाच खाते. आता हात नाही लावत." कागद कमरेला खोचून त्या पायरी उतरल्या. एक पायरी, दोन पायऱ्या. काका पेन्सिलीकडे बघत होते. मी ओट्यावर होते, पण त्या वेळी मला कोणाचाच आवाज काढावासा वाटला नाही.

"थांबा बाई."

"काय गा भाऊ?"

"ठिपके होते."

"कोनाले?"

"त्याले. मी काढले. पानाची भोकंबी मीच भरली. अन् पाठीवर चमक," काकांनी मान खाली घातली, "तेबी मीच देली."

विमलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कायले?"

"हाताले सवय."

"यादोभाऊ, त्या किड्याची सोयरीक पायची होती का तुमाले?"

पार्वताकाकू आतून इतक्या हसल्या की ताट पडलं. काका हसले नाहीत. उठले, पेन्सिल काकूंच्या हातात दिली. "हे पेटीत टाक. कुलूप लाव. मांगतली तरी देऊ नोको."

त्याच दुपारी दुसरा किडा आला. काकांनी फोटो काढला, धुतला, वाळवला. निगेटिव्ह उजेडात धरली तेव्हा अंगठा आणि बोट हवेतल्या हवेत पेन्सिल फिरवू लागले. "अवो...," त्यांनी हाक मारली. "नाही देत," आतून उत्तर आलं. मग काकूंनीच बाहेर येऊन ठिपके मोजले. अठ्ठावीस.

या खेपेला काकांनी फोटोसोबत चिठ्ठीही लिहिली : "मागील फोटोत टचिंग होते. चूक माझी. किडा निर्दोष." उत्तर चार ओळींचं आलं. नेहमीचाच अठ्ठावीस ठिपक्यांचा, पानं खाणारा. दुर्मिळ काही नाही. सकाळी वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकावा, पिवळ्या अंड्यांची पानं खुडावीत.

उत्तराची वाट पाहण्यात वांग्यांच्या तीन ओळी पार वाळल्या होत्या. बाकीच्या विमलाबाईंनी वाचवल्या. वेचायला काकाही गेले, रोज पहाटे, आठवडाभर. डब्यात टाकण्याआधी प्रत्येक किड्याची पाठ निरखून बघायचे, असं विमलाबाई सांगतात.

तो दुसरा फोटो आता काचेच्या कपाटात आहे, सगळ्या नवऱ्यामुलींच्या मधोमध. गिऱ्हाईक विचारतं, "हा कोन गा, यादोराव?"

"त्याले हात नाही लावला," काका सांगतात आणि कापडात शिरतात. "हां, हासू नोका..."