आगटेकाकांची खोटी घड्याळं

आगटेकाकांना वेळ विचारली की आधी मनगट पुढे यायचं आणि मग उत्तर, "खोटं आहे. सव्वापाच." विचारणारा गोंधळायचा. काका शांतपणे खुलासा करायचे, "घड्याळ हो. वेळ बरोबर आहे." शेजारी असो वा स्वारगेटच्या थांब्यावरचा परका, यातून कोणाची सुटका नव्हती.

सदाशिव पेठेत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात झालेली, त्यामुळे नजर बारीक. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात, गुडघ्यांविषयी बोलतात. काकांनी परदेशी भारी घड्याळांच्या हुबेहूब नकला जमवायला घेतल्या. श्रीमंतांच्या तिजोरीत असतं तसलं घड्याळ आमच्या जिन्यात भाजीच्या पिशवीसकट वर चढायचं.

मला हे कोडं काही सुटेना. एकदा चहाला गेलो तेव्हा विचारलंच, "काका, खोटं आहे हे सगळ्यांना सांगायचंच असेल, तर घालता कशाला?"

"अहो कुलकर्णी, मिरवायला घालणारे वेगळे. ते सांगत नाहीत." त्यांनी एक घड्याळ टेबलावर ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "अस्सल घड्याळाकडे माणूस किंमत आठवत बघतो. हे निवांत बघता येतं. तबकडीत तीन छोट्या तबकड्या दिसतायत? त्यातली एकच चालते. बाकीच्या नुसत्या रंगवल्यात! पण रंगवल्यात किती जीव लावून! कोण असेल हो हा माणूस? एवढी कला हातात, आणि स्वतःचं नाव कुठेच घालता येत नाही. त्याला काय वाटत असेल?"

मी भिंगातून बघत राहिलो. खरंच, त्या न चालणाऱ्या काट्यांनाही कुणीतरी बारीक टोकं काढली होती. तेव्हापासून मीही लोकांची मनगटं न्याहाळू लागलो. आमच्या घरात याला खोड म्हणतात.

त्यांची मुलगी मृणाल मात्र या छंदाने कातावली होती. तिच्या साखरपुड्यात व्याह्यांनी काकांच्या घड्याळाचं कौतुक केलं. काका हसून म्हणाले, "खोटं आहे. पावणेबारा. पानं घ्यायची का?" व्याही नुसतेच हसले. मृणाल दिवसभर वडिलांशी बोलली नाही.

पुढे बंगळुरात ती मोठ्या हुद्द्यावर गेली आणि काकांच्या पंचाहत्तरीला तिने एक अस्सल घड्याळ आणलं. समारंभाच्या आधी त्यांच्या मनगटावर बांधत म्हणाली, "बाबा, आता तरी चारचौघांत ते वाक्य म्हणू नका. माझ्यासाठी." काकांनी मान डोलावली. भिंग मात्र मागितलं नाही.

औक्षण झालं आणि सोसायटीतल्या कुणीतरी मुद्दाम हाळी दिली, "आगटे, वाजले किती?" सगळे त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघू लागले. काका उभे राहिले. "हे खरं आहे," ते म्हणाले, "मुलीनं दिलंय."

सभागृह खो खो हसलं. "वा! पंचाहत्तरीचा खास विनोद!"

"अहो, खरंच खरं आहे!" काका आर्जवाने म्हणाले. लोक आणखीच हसले. मी खोटं बोलत नाही, एवढा एकच त्या माणसाचा अभिमान होता आणि नेमक्या त्या दिवशी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवेना. त्यांचा चेहरा इतका कावराबावरा झाला की मला हसल्याची लाज वाटली. त्यांनी मृणालकडे पाहिलं. ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "राहू द्या बाबा. मला माहीत आहे ना."

त्यानंतर ते घड्याळ ती यायची त्या दिवशीच मनगटावर दिसायचं. एरवी कपाटात. "सांभाळावं लागतं हो," काका म्हणायचे, "बघायचं राहूनच जातं."

गेल्या वर्षी काका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मृणाल घर आवरून निघाली, तेव्हा खाली आमच्याकडे निरोप घ्यायला आली. तिच्या बारीक मनगटावर एक मोठं, पुरुषी घड्याळ सैल लोंबत होतं. तबकडीत तीन छोट्या तबकड्या. मी लगेच ओळखलं. मी विचारलं, "गाडीला उशीर तर नाही ना होत? किती वाजले?"

तिने मनगट पुढे केलं.

"खोटं आहे," ती म्हणाली. मग डोळे पुसून नीट पाहिलं. "साडेचार."