गोड खायचं नाही

लघवी मागणं हे रक्त मागण्यापेक्षा कितीतरी अवघड काम. रक्ताची लोकांना सवय होती. हिवतापवाले घरोघर फिरायचे, बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचे, आणि कोणी हूं की चूं करत नसे. पण मी रिकामी बाटली पुढे करून "यात थोडी लघवी आणून द्या" म्हटलं, की माणसं आधी माझ्याकडे बघायची, मग बाटलीकडे, मग एकमेकांकडे. एका बाईनं तर सरळच विचारलं, "काहून हो नरसबाई, कोनावर जादूगिदू करता का?"

ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी मोहाडी तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावी नर्स होते. साखरेच्या आजाराची तपासणी आमच्या कामात नव्हतीच. आमचं काम म्हणजे बाळंतपणं, लसी आणि नसबंदीसाठी लोकांच्या मागे लागणं. पण आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. ते म्हणायचे, "ही खात्यापित्या घरची बिमारी, धान कापणाऱ्याला ती होत नाही, असं सगळेच सांगतात. पण कोणी बघितलंय का?" झालं. मलाही तोच प्रश्न चावला आणि मी बाटल्या घेऊन दारोदार हिंडायला लागले.

तपासणी सोपी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. साखर असली तर रंग बदलायचा. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि फारच असेल तर पक्का विटकरी. मला या रंगांचं वेडच लागलं होतं. कुणाचीही बाटली हाती आली की आता काय निघतंय म्हणून मी श्वास रोखून बसायची.

लोकही हळूहळू जमायला लागले. फुकटचा तमाशा कोण सोडतो! एक शेतकरी बुवा म्हणाले, "बाई, साखर रेशनवर भेटून नाही राहिली, आन् तुमी मनता मुतात हाय? मंग तेथूनच काढून द्या ना चायपुरती." सगळा ओटा हसला, मीही हसले. त्यांची नळी निळीच राहिली. तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला, जणू त्यांना पंगतीतून उठवलं.

इथे मला माझ्याबद्दल एक कबूल करायला हवं. मी मूळची याच भागातली, कारध्याची. घरी आम्ही सगळे मले-तुलेच बोलायचो. पण ट्रेनिंगला नागपूरला गेले, तिथे इतर मुली माझ्या बोलण्यावर इतक्या हसल्या, की मी जिद्दीनं जीभ घासूनपुसून घेतली. मला, तुला, कशाला, काय झालं. गावात नोकरीवर आल्यावर तर जास्तच, कारण नर्सबाई पुस्तकासारखी बोलली की लोक नीट ऐकतात असा माझा समज. भारी शहाणी होते मी तेव्हा.

गावाच्या तलावाकाठी ढिवरांची वस्ती होती. तिथली एक बाई, पन्नाशीची असेल, मी तिला मावशी म्हणायची. नवरा तलावात जाळं टाकायचा आणि ही डोक्यावर टोपली घेऊन मोहाडीच्या बाजाराला पायी जायची. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. ती उपकेंद्रात आली ती पायाच्या जखमेसाठी. तलावातल्या शिंपल्यानं अंगठा कापला होता आणि दीड महिना झाला तरी भरत नव्हता. मी सहज बाटली दिली. नळी तापवली आणि रंग निळ्यावरून झपाट्यानं विटकरी झाला. एवढा पक्का विटकरी मी तोवर बघितला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा आनंदच झाला. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ना!

डॉक्टरांनी अंगठा बघितला तेव्हा मात्र तो आनंद उतरला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साखर उतरली नाही तर अंगठ्यावर भागणार नाही, पाय कापावा लागेल." त्यांनी गोळ्या दिल्या आणि पथ्य समजवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी मावशीला तिच्या घरी जाऊन सांगितलं, चांगलं सावकाश, पुस्तकी भाषेत, "मावशी, आजपासून काही गोड खायचं नाही. गोड म्हणून जे जे असेल ते बंद. पाय वाचवायचा असेल तर एवढं पाळायलाच हवं."

ती म्हणाली, "काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," ती म्हणाली. "पाय गेला त टोपली कोन नेईन बाजारात? पाळतो मी."

आठवड्यानं तपासलं, विटकरी. पंधरा दिवसांनी तपासलं, विटकरी. ती वाळत चालली होती, पण जखम तशीच, उलट कडा काळपट दिसायला लागल्या होत्या. मी विचारायची, "मावशी, गोड खाल्लं का?" ती गळ्याला हात लावून शपथ घ्यायची, "नाही बाई, एक घासबी नाही." मी म्हणायची, चहात साखर? नाही. गूळ? नाही. पुन्हा विटकरी. मी औषध बदलून बघितलं, नळी दोनदा धुऊन बघितली, माझी स्वतःची लघवी तपासून बघितली. माझी निळीच राहिली. म्हणजे औषध ठीक होतं. मग चूक कुठे?

मला राग लवकर येतो, आजही येतो. महिना होत आला त्या दिवशी मी नळी तिच्या नाकासमोर धरली. नवरा शेजारीच जाळ्याची गाठ मारत बसला होता. मी त्याच्यादेखत म्हणाले, "मावशी, खोटं बोलू नका. ही नळी खोटं बोलत नाही. तुम्ही चोरून गोड खाता. पाय तुमचा जाईल, माझं काय जाणार आहे?" नवऱ्यानं जाळं खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. मी तरातरा निघून आले.

पण रस्त्यातच तो किडा परत वळवळला. चोरून गूळ खाणारी बाई एवढी वाळेल कशी? गोळ्या तर ती माझ्यासमोर गिळायची. काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय, हे मला झोंबत राहिलं. त्यात आठवडा गेला. मग मी एक दिवस रजा टाकली आणि उजाडताच तिच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, आज मी तुमच्याकडेच राहणार. तुम्ही काय खाता ते मला बघायचंय." ती नुसती म्हणाली, "बसा." एरवी तिनं दोन टोमणे मारले असते.

सकाळी तिनं पेज घेतली, मीठ टाकून, मोठी जर्मनची गंजी, म्हणजे पातेलंच, भरून. थोड्या वेळानं भूक लागली म्हणून आणखी एक गंजी. दुपारी चुलीवर माशांचा रस्सा शिजला. लसूण, मिरची, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर. वासानंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं नवऱ्याला वाढलं, मला वाढलं, आणि स्वतःच्या ताटात भाताचा डोंगर घेतला. त्यावर मीठ आणि पाणी. बस. रश्श्याकडे पाठ करून ती तो भात गिळत होती. संपल्यावर पुन्हा घेतला.

"मावशी, मासे का नाही घेतले?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई मुद्दाम जखमेवर मीठ चोळायला आली की काय. "तुमीच त मनलं."

"मी? मासे खाऊ नका म्हटलं मी?"

"गोड काहीच खायाचं नाही मनलं ना? मंग मासोळीहून गोड काय रायते मले? मासोळी सोडली, वांगे सोडले, चटनी सोडली. भाजीत तेल टाकलं का भाजी गोड होते, मनून भाजीबी सोडली. कशालेच चव नाही त पोट भरत नाही, मनून भातावर भात खाऊन राहिलो."

मी हातातला घास तसाच ताटात ठेवला. आमच्या कारध्याच्या घरी आई वांग्याची भाजी चाखून काय म्हणायची? "गोड झाली." तिखटजाळ भाजी, आणि ती गोड! बाबा बोटं चाटत म्हणायचे, "आज रस्सा गोड झाला बरं." मीही म्हणायची, अठरा वर्षं म्हणत होते. या भागात चवीचं ते सगळं गोड. आणि मी त्याच भागातली लेक, पुस्तकातून "गोड" उचलून आणून या बाईच्या ताटातलं सगळं चवीचं काढून घेतलं, आणि जे कमी करायचं तो भात तिच्या पोटात दुप्पट भरला. मला एवढी लाज वाटली की मान वर करवेना.

"मले वाटलं, गोड मनलं का चायवानी गुळचट ते तुमाले समजन," मी म्हणाले. तीन-चार वर्षांनी गावात माझ्या तोंडून घरची बोली निघाली, तीही अशी.

"मंग गुळचट मनाव ना बाई," ती म्हणाली. "गुळचटाले गुळचट मनाव. गोड कायले मनाव?"

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. पथ्य पुन्हा ठरलं. भाताचं एकच ताट, मापानं. मासोळी, भाजी, लाखोळीची डाळ खुशाल. गूळ, साखर, मोहाची फुलं नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक घरी आधी विचारायला लागले, "तुमच्या घरी गोड कशाले मनता?" काय काय उत्तरं यायची! कोणी आंबील म्हणायचं, कोणी झिंगे, एका म्हाताऱ्यानं तर तंबाखू सांगितला. मी सगळं वहीत लिहून घ्यायची आणि मग प्रत्येकाला त्याच्या त्याच्या शब्दांत पथ्य सांगायची.

मावशीचा रंग नारिंगीवर आला. मग पिवळा. जखमेच्या कडा लाल झाल्या, आतून मांस भरायला लागलं. अंगठ्याचं नख गेलं ते गेलं, पण पाय राहिला. आणि एका सकाळी माझ्या डोळ्यांदेखत नळी हिरवी झाली. मी आनंदानं ओरडलेच. नळी तशीच हातात घेऊन मी तलावाच्या पाळीवर पळत गेले, कारण तिच्या नवऱ्याला ती दाखवायची होती. त्याच्यासमोर मी तिला खोटी म्हटलं होतं, तर त्याच्यासमोरच ते परत घ्यायला हवं होतं.

तो जाळं झटकत होता आणि मावशी खाली बसून मासे निवडत होती. मी नळी उन्हात धरली आणि त्याला सगळं सांगितलं. ती चोरून काही खात नव्हती, एक कणही नाही. माझाच शब्द चुकला होता. मी सांगितलं त्याहून जास्त पथ्य तिनं पाळलं होतं.

तो नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंजे हे खरं बोलून राहिली होती?"

"हव काका. सारं खरं."

त्याचे हात थांबले. "तुमी तिले खोटी मनून गेलात, त्या दिवशी," तो म्हणाला. "तुमी गेल्यावर मी तिले मारलो ना. गूळ कुठं लपवलीस सांग, मनून मारलो. मंग मी तिले काहून मारलो, बाई?"

तो मला खरंच विचारत होता. एवढे दिवस मी त्या घरात जात होते, तिच्या पायावर पट्टी बांधत होते, आणि तिनं मला एका शब्दानंही हे सांगितलं नव्हतं.

"माह्यामुळे, काका," मी म्हणाले. "मी तिले खोटी मनलं, मनून."

मावशीनं मान वर केली नाही. एक मासा टोपलीत टाकला, दुसरा उचलला.

"मी त पयल्याच दिवशी सांगतलं होतं," ती म्हणाली. "दोघालेबी."