नुसतं नाव पुरत नाही

आमची वरची खोली भाड्याने बघायला एक नवराबायको आले. मी सवयीने विचारलं, "नाव?"

"सागर."

"पुढे?"

एवढ्यानेच त्याच्या बायकोने नुकतीच काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली. किती दारांत ऐकला असेल तिने हा प्रश्न! मी ओशाळलो आणि सावरायला म्हणून विचारलं, "गाव कुठलं?" म्हणजे प्रश्न तोच, फक्त सदरा बदललेला. आम्ही पुरोगामी माणसं अशीच आडवाटेने जातीपर्यंत पोचतो.

आतून आमची ही ओरडली, "अहो, नळाला पाणी कधी येतं ते सांगा की त्यांना!"

सांगितलं. किल्लीही सागरच्या हातात दिली. मी मात्र खालीच थांबलो. वर गेलो असतो, तर जिन्यात आणखी काहीतरी विचारलं असतं.